शर्यतीची पहिली फेरी



मोटार शर्यतींचे जुने शौकीन भेटले की एक तक्रार हमखास ऐकू येते. खऱ्या शर्यती त्या तेव्हाच्या. आता सगळं संगणक ठरवतो. या म्हणण्यात तथ्य आहे. १९५७ साली जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर शर्यतचालक फांजिओ टायर बदलायला आणि पेट्रोल भरायला थांबला, त्यात जवळजवळ एक मिनिट गेलं. तोवर दोन फेरारी पुढे निघून गेल्या होत्या. जवळपास तेवीस किलोमीटरच्या त्या डोंगरी वळणांवर ४६ वर्षांच्या फांजिओने फेरीमागून फेरी विक्रम मोडत दोघांनाही गाठलं आणि शर्यत जिंकली. कानाशी सूचना देणारं कुणी नव्हतं. आज दोन-अडीच सेकंदांत चारही चाकं बदलली जातात आणि गाडीतल्या सेन्सरांची माहिती क्षणोक्षणी इंजिनियरांपुढे येत असते. याचं आश्चर्य वाटतं खरं, पण फांजिओच्या त्या फेऱ्या आठवल्या की ऊर भरून येतो.

मात्र त्या काळाचं कौतुक करताना १२ जून १९६६ हा दिवस विसरता येत नाही. बेल्जियममधलं स्पा. चौदा किलोमीटरचा मार्ग, तोही रोजच्या वाहतुकीच्या रस्त्यांचा, दुतर्फा घरं आणि खांब. पहिल्याच फेरीत पावसाने गाठलं आणि एकामागून एक गाड्या घसरल्या. चालक जॅकी स्ट्युअर्टची बीआरएम गाडी रस्ता सोडून खाली गेली. तो आत अडकला, अंगावर पेट्रोल सांडत होतं. एक ठिणगी पुरेशी होती. मदतीला ना पथक, ना डॉक्टर. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या शर्यतीतल्याच दोन चालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला, स्टिअरिंग खोललं आणि त्याला बाहेर काढलं. यात सुमारे २५ मिनिटं गेली. नंतर ज्या रुग्णवाहिकेतून त्याला न्यायचं, तीच वाट चुकली.

याला धाडस म्हणायचं का? चालकाचं धाडस होतंच. पण जिवावर बेतलं ते शर्यत भरवणाऱ्यांच्या बेपर्वाईने, आणि आपण मात्र त्या काळाचा थरार म्हणून दोन्हींना एकत्र गौरवतो. मला हे मान्य नाही.

त्यानंतर स्ट्युअर्ट सीटचे पट्टे, कठडे, डॉक्टर यांसाठी हट्ट धरून बसला. शर्यतीतली मजा घालवतोस, असं त्याला ऐकावं लागलं. हाच माणूस १९६८ साली नुर्बुर्गरिंगवर, पावसात आणि दाट धुक्यात, मनगटाला दुखापत असताना, चार मिनिटांहून अधिक फरकाने जिंकला! भित्रा म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर देण्याची गरज नव्हती.

तरीही बदल हळूहळूच झाले. १९७८ मध्ये इटलीतल्या मोंझाला सुरुवातीलाच गाड्या एकमेकींवर आदळल्या. चालक रॉनी पीटरसनपर्यंत वैद्यकीय मदत वेळेवर पोहोचली नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हा या शर्यतींचे डॉक्टर सिड वॉटकिन्स यांनी आग्रह धरला, की पहिल्या फेरीत डॉक्टरांची गाडी शर्यतीच्या मागोमाग धावलीच पाहिजे. गर्दी आणि धोका तेव्हाच सर्वांत जास्त असतो.

आता २९ नोव्हेंबर २०२०, बहारीन. पुन्हा पहिलीच फेरी. चालक रोमां ग्रोजांची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. मागून येणारी डॉक्टरांची गाडी काही सेकंदांत तिथे हजर होती. ग्रोजां अर्ध्या मिनिटाच्या आत स्वतःच्या पायांनी बाहेर आला. भाजले ते मुख्यतः हात. त्याचं डोकं वाचवलं ते चालकाभोवतीच्या हेलो नावाच्या टायटॅनियमच्या कमानीने. २०१८ मध्ये ती सक्तीची झाली, तेव्हा गाडीचं रूप बिघडलं म्हणून किती ओरड झाली होती! ग्रोजां स्वतःही पूर्वी तिच्या विरोधात होता. इस्पितळातून त्याने मोकळेपणाने मत बदलल्याचं सांगितलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तो अमेरिकेत इंडियानापोलिसला इंडीकार शर्यतीत सर्वांच्या पुढून सुटला आणि दुसरा आला.