चौऱ्याण्णववर अडकलेलं नेट आणि आठ तारांचा जॅक

लोकलमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "ताई, मी तर वायफाय वापरतो, मला केबलशी काय घेणंदेणं?" पण वायफाय फक्त राउटरपासून तुमच्या मोबाइलपर्यंत असतं. राउटरच्या मागे बघा, तिथे एक केबल खोचलेली दिसेल. ती १०० एमबीपीएसवर अडकली, तर घरातले सगळे मोबाइल तिथेच अडकतात.

माझा मामेभाऊ तालुक्याच्या गावी अभ्यासिका चालवतो. चाळीसेक मुलं, बहुतेक एमपीएससीवाली. मागच्या वर्षी त्याने ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, पण स्पीड टेस्टमध्ये ९४ च्या वर आकडा जाईना. संध्याकाळी सगळ्यांची लेक्चर्स एकदम सुरू झाली की व्हिडिओ गोल गोल फिरत बसायचा. तो मला फोनवर म्हणाला, "ताई, मोठा प्लॅन घेतो आणि प्रत्येकाची फी थोडी वाढवतो." मी म्हटलं, "थांब, आधी जॅक बघू."

मला ९४ या आकड्यावरूनच शंका आली होती. १०० एमबीपीएसच्या लिंकवर प्रत्यक्षात साधारण ९४-९५ च मिळतात, कारण बाकीचा भाग डेटाच्या पॅकिंगमध्ये जातो. म्हणजे नेट हळू नव्हतं, मधला रस्ताच अरुंद झाला होता.

आता तो रस्ता कसा असतो ते बघू. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या, म्हणजे चार जोड्या. हा पीळ उगाच नाही. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये याच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. पिळामुळे बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि समोरच्या टोकाला तो वजा करता येतो. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, पिन १-२ आणि ३-६. पण १९९९ मध्ये आलेल्या गिगाबिट इथरनेटला चारही जोड्या लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार जरी तुटली, तरी बरीच उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात. नेट बंद पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

अभ्यासिकेत नेमकं हेच झालं होतं. टेस्टर लावला तर चौथा दिवा लागेना. निळी तार जॅकच्या आतच तुटली होती. केबलचं बाहेरचं आवरण जॅकच्या आत गेलंच नव्हतं, त्यामुळे टेबल सरकवलं की सगळा ताण त्या बारीक तारांवर यायचा. नवीन जॅक मारला, काही रुपयांचं काम. प्लॅन तोच राहिला आणि फीसुद्धा तीच राहिली.

आता जॅक मारायचा कसा, ते ऐका. याला सगळे आरजे-४५ म्हणतात, याचं तांत्रिक नाव ८पी८सी. खटका खाली, सोनेरी पिना वर आणि केबल तुमच्या बाजूने आत जाणारी, असा जॅक धरा. डावीकडून पहिली पिन. रंगांचा क्रम टी५६८बी प्रमाणे असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवायचा.

इथे बरेच जण विचारतात, "हिरव्याची जोडी मधेच का तोडायची? सगळे रंग सरळ लावले आणि दोन्हीकडे सारखे ठेवले तर?" तसं केलं तर टेस्टरचे आठही दिवे छान लागतील, पण केबल त्रास देईल. कारण ३ आणि ६ या पिना एकाच जोडीवर असायला हव्यात. त्या दोन वेगळ्या जोड्यांत गेल्या की पिळाचा फायदाच संपतो आणि सिग्नल एकमेकांत मिसळतात. साधा टेस्टर तार जोडलेली आहे की नाही एवढंच सांगतो, जोडी बरोबर आहे की नाही हे सांगत नाही.

आणखी चार गोष्टी. तारांवरचं रंगीत प्लॅस्टिक सोलायचं नाही, क्रिंपिंग टूल दाबलं की पिना ते भेदून तांब्यापर्यंत पोचतात. पीळ गरजेपुरताच उघडा, साधारण अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. कॅट-६ ची तार बऱ्याचदा जाड असते, तिच्यासाठी कॅट-६ चाच जॅक घ्या. आणि एकदा क्रिंप केलेला जॅक परत वापरता येत नाही, चुकला तर कापून टाका, म्हणून केबल थोडी जास्तच ठेवा.

केबल घेताना दुकानदाराला विचारा, "पूर्ण तांबं आहे की सीसीए?" सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. स्वस्त असते, पण लवकर तुटते आणि रोधही जास्त. कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज देणार असाल, तर ती जास्त तापते. तिथे सीसीए नकोच.

आज रात्री एक काम करा. लॅपटॉपला केबल लावा आणि विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० दिसलं तर निवांत झोपा. १०० दिसलं तर आधी केबल बदलून बघा, मग दोन्ही टोकांचे जॅक तपासा, आणि लॅपटॉपचा किंवा राउटरचा पोर्टच १०० चा नाही ना, तेही बघून घ्या. प्लॅन वाढवायचा फोन त्यानंतर करा.

काय दिसलं ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू, तोवर काळजी घ्या!