पावसाचे माप कुणाच्या हाती?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पाऊस पडतो आपल्या शिवारात. पण तो किती पडला हे ठरवते महसूल मंडळातले एक यंत्र. चोवीस तासांत 65 मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी. 64 भरले, तर पाण्यात उभी असलेली सोयाबीन कागदावर हिरवीगार! फळबागांच्या हवामान विम्यात तर बहुतेक निकाल यंत्राच्या आकड्यावरच लागतो.

हवामान खाते 1875 सालापासून आहे. मान्सूनचा अंदाज, वादळाचा इशारा ही कामे त्याचीच. पण मंडळामंडळात यंत्रे लावणे त्याला एकट्याला जमले नाही. म्हणून 2017 साली राज्यात 'महावेध' आला. जागा सरकारची, यंत्र आणि देखभाल खाजगी कंपनीची. दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली. आकडे सरकारला मोफत, इतरांना विकायची कंपनीला मुभा.

खाजगी म्हटले की नाक मुरडणाऱ्यांतले आम्ही नाही. सरकारी म्हटले की हात जोडणाऱ्यांतलेही नाही. देशातल्या 199 जिल्हा कृषी-हवामान केंद्रांचे काम 2024 साली सरकारनेच थांबवले, हे आम्ही विसरलेलो नाही. आमचे म्हणणे एवढेच: काटा कुणाचाही असो, माप शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत झाले पाहिजे. अमेरिकेत सरकारी हवामान खात्याचे आकडे सर्वांना खुले आहेत. त्याच आकड्यांवर खाजगी कंपन्या धंदा करतात, आपसांत स्पर्धा करतात. आकडा सर्वांचा, धंदा अकलेचा. ही भागीदारी आम्हाला मान्य आहे.

2023 साली केंद्राने 'विंड्स' योजना आणली. तालुक्याला स्वयंचलित केंद्र आणि ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक, असा तिचा आराखडा आहे. तेव्हा आत्ताच सावध व्हा. आमच्या मागण्या तीन. यंत्राची जागा ग्रामसभेसमोर ठरावी; झाड किंवा भिंत यांच्या उंचीच्या दुप्पट अंतर सुटलेच पाहिजे. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांचे आकडे रोज चावडीवर लागावेत. यंत्र बंद पडले तर त्या दिवसांचा आकडा कुठून घेतला, हे लेखी मिळावे.

आणि एक काम आपले. गावी परतल्यावर आपल्या मंडळाचे यंत्र पाहून या. शाळेत साधे पर्जन्यमापक बसवा, रोज सकाळी साडेआठला वहीत नोंद करा. उद्या साहेबासमोर भांडायचे, तर आपल्या हातातही आकडा हवा!