मापातले गलबत



कामगार चळवळीतल्या माणसाने पगार-बोनसावर बोलावे, हा आज होड्यांच्या नादाला कसा लागला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. शाळा आम्ही लवकर सोडली. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या जुन्या कपाटातून आणि सुतार, फिटर, पॅटर्नमेकर अशा मंडळींच्या तोंडून. ही मंडळी निवृत्त झाली तरी त्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्यासंगे बसून गेली काही वर्षे आम्ही मराठ्यांच्या आरमारातील जहाजांच्या प्रतिकृती करतो आहोत. त्याही शोभेच्या नव्हेत, तर मापशीर.

शोभेची प्रतिकृती आणि मापशीर प्रतिकृती यांत फार अंतर आहे. दिवाणखान्यात ठेवावयाचे पितळी शिडांचे जहाज कोणीही विकत घ्यावे; ते कोणत्या देशाचे, कोणत्या शतकाचे, हे ते करणाऱ्यालाही ठाऊक नसते. मापशीर प्रतिकृतीत मात्र प्रत्येक फळीने आपला पुरावा द्यावा लागतो.

परदेशातील हौशी माणसाचे काम या बाबतीत सोपे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सैन्य थेट शत्रूच्या किनाऱ्यावर नेऊन उतरविणारी ‘हॅस्केल’ वर्गाची शंभराहून अधिक जहाजे बांधली. एकेकात सुमारे दीड हजार सैनिक आणि त्यांना किनाऱ्याला लावणाऱ्या लहान नौका. लांबी 455 फूट. 1 : 350 या प्रमाणात साडेपंधरा इंचांची प्रतिकृती होते. नकाशे आहेत, छायाचित्रे आहेत, कोणत्या महिन्यात कोणता रंग दिला याच्या नोंदी आहेत.

आमच्या गलबताचे काय? तेही सैन्य भरून शत्रूच्या अंगावर नेणारेच जहाज. 1665 च्या फेब्रुवारीत शिवाजीमहाराज स्वतः आरमारात बसून बसरूरवर गेले. त्या तांड्यात 85 लहान आणि 3 मोठी जहाजे होती, असे इंग्रजांच्या कागदांत आहे. पण त्यांतल्या एकाचाही आराखडा कोठे नाही. आपल्याकडे जहाज बांधणारा आराखडा काढीतच नसे. त्याचा आराखडा म्हणजे त्याचा डोळा, दोरी आणि वीत. उरल्यासुरल्या जहाजांपैकी मोठा भाग 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली जळाला. वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार पेटवले. आणि पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला होते, हे सांगताना आपण आवाज खाली आणू नये.

मग पुरावा कोठून आणावयाचा? थोडा शत्रूच्या घरातून. रॉबर्ट ऑर्म या इंग्रजाने 1763 साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात गुराब आणि गलबत यांचे नेमके वर्णन दिले आहे. गुराबाला दोन किंवा तीन डोलकाठ्या. तीन डोलकाठ्यांचे गुराब तीनशे टनांपर्यंतचे, दोनाचे दीडशेपर्यंत. गलबत त्याच आकाराचे पण लहान, फार तर सत्तर टनांचे. मोठे शीड तिकोनी, मागची डोलकाठी किरकोळ. पुष्कळ गलबतांवर फळ्यांची तक्तपोशी नसे, चिरलेल्या बांबूंची असे. म्हणजे वजन कमी. चाळीस-पन्नास वल्ही, आणि वारा पडला तरी तासाला चार मैलांची चाल.

या वर्णनातली एक गोष्ट आमच्या सुतारमित्रांनी प्रथम हेरली, इतिहासकारांनी नव्हे. ऑर्म सांगतो की, गुराबाची नाळ लांब पुढे निघालेली असे आणि तिच्या तक्त्याला कडेचे कठडे नसत. समोरून लाट आली म्हणजे नाळ पाण्यात बुडे. कठडे असते तर पाणी आत अडले असते. उघड्या तक्त्यावरून ते आपले निघून जाई. तोफा असत त्यामागच्या आडव्या भिंतीतल्या झरोक्यांत, तोंडे पुढे करून. आता बाजारातली गुराबाची कोणतीही प्रतिकृती पाहा. नाळेवर नक्षीदार कठडा हटकून असतो. दिसतो सुंदर, पण पहिल्याच उधाणात ते गुराब नाकावर गेले असते. ज्याने आयुष्यभर लाकडाला पाणी कोठून निघेल याचा विचार केला, त्याला हे वाचताक्षणी समजते.

दुसरा पुरावा दगडात आहे. बोरिवलीजवळ एकसरला तेराव्या शतकातले वीरगळ आहेत. त्यांवर शिलाहार आणि यादव यांची सागरी झुंज कोरली आहे. ओळीने वल्ही मारणारी जहाजे त्यांत स्पष्ट दिसतात. ती मराठ्यांच्या चारशे वर्षे आधीची, म्हणून त्यांवरून माप घेता येत नाही. वल्हेकऱ्यांची बैठक कशी असेल याची कल्पना मात्र येते.

तिसरा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा. गुराबे फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असावीत. पाच गुराबे आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा. म्हणजे सैन्य नेणारी चपळ जहाजे तीन आणि तोफेचे जहाज एक, हे प्रमाण ठरलेले होते. त्याच प्रकरणात लाकडाविषयी लिहिले आहे. सागवानासारखी झाडे हुकूम घेऊन रानातून तोडावीत. आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरासारखी वाढविलेली असतात, त्यांना हात लावू नये. एखादे जीर्ण झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. आरमाराच्या गरजेपुढेही रयतेचा होकार लागतो, हे त्या काळी राज्यकारभाराच्या कागदात लिहिले गेले. जमिनी घेण्याचा प्रश्न ज्या तालुक्याने पाहिला आहे, त्याला याहून अधिक सांगणे नको.

आता प्रत्यक्ष कामाकडे. आम्ही 1 : 50 हे प्रमाण धरले. ऐकणाऱ्याला वाटते, सगळे पन्नासाव्या हिश्शाने लहान झाले. लांबी होते, वजन मात्र पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे सव्वा लाखाव्या हिश्शाने उतरते. पाण्यावर शंभर टन भरणारे जहाज आमच्या टेबलावर आठशे ग्रॅमचे व्हावयास हवे, तरच ते परातीतल्या पाण्यात बरोबर रेषेपर्यंत बसेल. लाकडाचेही तसेच. खरे गलबत सागाचे, म्हणून प्रतिकृती सागाची केली की फसगत होते. सागाच्या रेषा मोठ्या. 1 : 50 मध्ये एकेक रेषा बोटभर जाड भेग वाटते. त्यासाठी आम्ही हेदू वापरतो. त्याचा दाणा बारीक, रंग पिवळसर. कापडगिरणीत काम केलेल्या मंडळींना तो परका नाही. बॉबिनी त्याच्याच होत असत. गिरण्या गेल्या, तरी लाकूड ओळखणारी बोटे आहेत.

गलबताचा तळ उथळ ठेवावा लागतो, आणि त्याचे कारण आपल्या शेजारीच आहे. 1679 साली मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. मराठ्यांची हलकी तारवे रात्री नागोठण्याच्या खाडीतून आणि थळच्या किनाऱ्यावरून निघत, माणसे आणि सामान बेटावर टाकून परत येत. मोठ्या जहाजांना वारा हवा, खोल पाणी हवे. यांना दोन्ही नको. 18 ऑक्टोबर 1679 च्या लढाईत इंग्रजांचे ‘डव्ह’ मराठ्यांनी धरले, आणि 1680 च्या आरंभी इंग्रजांनी तह केला. तटाचे काम मधल्या काळातही चालूच होते. खोल तळाची, ढेरपोटी प्रतिकृती करणाऱ्याने ही लढाई वाचलेलीच नसते.

या सगळ्यात आम्हांला डाचते ते निराळेच. सेनापतींची नावे आहेत, किल्ल्यांची आहेत, इंग्रजांच्या बुडालेल्या गलबतांचीही आहेत. बांधणाऱ्यांची नाहीत. नाव राहिले ते एका परक्याचे. कल्याणला महाराजांनी पहिल्या लढाऊ नौका घडवावयास घेतल्या तेव्हा रुई लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज त्यांवर होता; 1659 मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याला फितवले आणि तो आपली माणसे घेऊन काम टाकून निघून गेला. आम्ही संप पुष्कळ पाहिले, पण मालकाच्या शत्रूने करविलेला संप हा एवढाच. काम मात्र अडले नाही. सहा वर्षांत 85 जहाजे बसरूरला गेली, ती इथल्याच सुतार-लोहारांनी पुरी केली असली पाहिजेत. त्यांतला एकही नावाने ओळखीचा नाही.

आणि हे जुन्या काळीच घडते असे नाही. आमच्या मंडळींनी सात महिने खपून केलेले एक गुराब एका संस्थेने मोठ्या हौसेने मांडले. खाली पितळी पाटी लावली. तिच्यावर देणगीदाराचे नाव, उद्घाटकाचे नाव. करणाऱ्या चौघांचे नाही. आम्ही पत्र लिहिले. उत्तर आले की पाटीवर जागा नाही. दुसरे पत्र गेले आहे, आणि तिसरेही जाईल. पत्रे लिहिण्याची आम्हांला सवय आहे.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून शिवलेल्या फळ्यांचे एक जहाज गोव्यात बांधले गेले. आराखडा तेथेही नव्हता, होते फक्त भिंतीवरचे सपाट चित्र. आधी प्रतिकृती करून मद्रासच्या आयआयटीत ती पाण्यात तपासली. 21 मे 2025 रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतच्या वाटेला लागले. फळ्या शिवणारे मुख्य कारागीर केरळचे बाबू शंकरन. त्यांचे नाव सरकारी पत्रकात आले. पाटीवर जागा निघते, ती अशी.

शेजारच्या खोलीत आमचे अर्धे झालेले गलबत ठेवले आहे. व्याख्यानानंतर जरूर पाहावे, मुलांना हात लावू द्यावा. त्यात दोन रंगांचे लाकूड दिसेल. हेदूचे पिवळे भाग पुराव्याने बसविलेले आहेत. शिसवीचे काळे भाग आमच्या अंदाजाचे आहेत. सुकाणूची मूठ, वल्हेकऱ्यांची फळी, परमाणाची लांबी हे काळे. कोणाच्या घरी करंज्याकडच्या, उरणकडच्या जुन्या गलबताचे मोडके सामान असेल, किंवा कोणा वडीलधाऱ्या तांडेलाला परमाणाचे माप दोरीवर सांगता येत असेल, तर आम्हांला कळवावे. तेवढा काळा तुकडा काढून तेथे पिवळा बसवू, आणि सांगणाऱ्याचे नाव तळाच्या वाशावर कोरू. तेथे जागा भरपूर आहे.