गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि बर्फाचा शेक

गुडघा बदलून घरी आलेल्या रुग्णाच्या खाटेशेजारी हल्ली एक झाकणाचा डबा दिसतो. त्यात बर्फ आणि पाणी भरायचं. छोटी मोटर ते गार पाणी नळीतून गुडघ्याभोवतीच्या पट्ट्यात फिरवते. गारव्यानं रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज आटोक्यात राहते, ठणका कमी होतो. व्यायामानंतर तर फारच बरं वाटतं.

पण बरं वाटतं म्हणून रात्रभर पट्टा बांधून झोपू नका. एका वेळी साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरेत. नेमकं किती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. पट्टा थेट कातडीवर नको, मध्ये पातळ सुती कापड हवं. टाक्यांवरची पट्टी ओली होऊ देऊ नका. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, किंवा भुलीचा असर उतरला नसेल, तर गारव्यानं कातडी भाजली तरी कळत नाही. म्हणून दर वेळी पट्टा काढून कातडी पाहा. ती पांढरी, निळसर किंवा बधिर वाटली, तर शेक लगेच थांबवा.

आणि यंत्र परवडत नसेल, तर खंत करू नका. टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची पिशवीही चांगलं काम देते.