सणांचे दिवस आणि विद्यापीठाचे वेळापत्रक

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीचे वर्ष हे देवाचे उपकार आठवण्याचे वर्ष होय. आपल्या वाडवडिलांच्या श्रद्धेची व कष्टांची थोरवी आज येथे पुष्कळ गाइली गेली, आणि ती योग्यच झाली. आम्हांस मात्र त्यांच्या नातवंडांविषयी, म्हणजे अमरावती व अकोला येथील महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. पुनरुत्थानाच्या सणाच्या सप्ताहात परीक्षा आली तर त्यांनी काय करावे, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु अनेक धर्मांच्या लोकांनी विद्येच्या एकाच अंगणात कसे नांदावे, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

वऱ्हाडातील उच्च शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमरावतीस १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज निघाले. अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ झाले. आणि १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. एका बाकावर रिद्धपुरास जाणारा महानुभाव, शिरपूरच्या पार्श्वनाथास भजणारा जैन, बाळापूरचा मुसलमान, बाबासाहेबांच्या मागे धम्माच्या वाटेने गेलेल्या घरातील बौद्ध, शेगावची वारी करणारा वैष्णव, असे सर्व बसतात. आणि त्यांत आपली मूठभर मुले. भुकेल्यास अन्न व तहानेल्यास पाणी देणे हाच धर्म, असे सांगत हाती खराटा घेऊन फिरलेल्या गाडगेबाबांचे नाव या विद्यापीठास आहे. तेव्हा ज्यांची संख्या थोडी, त्यांचाही विचार तेथे व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

आता अडचण कोठे येते ते पाहू. नाताळ व उत्तम शुक्रवार या दोन्ही दिवशी महाराष्ट्र शासनाची सार्वजनिक सुट्टी असते. खरी अडचण त्यांच्या आगेमागे आहे. पवित्र गुरुवारी सायंकाळी मिस्सा आणि दुपारी उशिरापर्यंत परीक्षा. शनिवारी रात्री पुनरुत्थानाचा जागर आणि त्याच दिवशी प्रात्यक्षिक. गावात राहणारा विद्यार्थी कसेबसे जमवील. परंतु धारणीसारख्या दूरच्या गावाहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलास एका दिवसाच्या सुट्टीत आईबापांकडे जाऊन परत येणे होत नाही.

दुसरे असे की, प्रत्येक धर्माचे पंचांग निराळे चालते. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला. पुनरुत्थानाचा सण वसंतातील पौर्णिमेनंतरच्या रविवारी, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान सरकतो आणि पुष्कळ वेळा चैत्री पौर्णिमेच्या शेजारी येतो. २०१५ साली गुरुवारी महावीर जयंती, शुक्रवारी उत्तम शुक्रवार, शनिवारी हनुमान जयंती व रविवारी आपला पुनरुत्थानाचा सण, असे चार दिवस ओळीने आले. रमझान ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते. विद्यापीठ स्थापन झाले त्या १९८३ साली ती जुलैत होती, ती साऱ्या ऋतूंतून फिरून २०१६ साली पुन्हा जुलैत आली. शिवाय तिचा नेमका दिवस चंद्रदर्शनावर ठरतो. म्हणजे एकाच वर्षाचे वेळापत्रक दरसाल गिरवून भागत नाही.

असे प्रसंग मोठ्या ठिकाणीही येतात. त्याच २०१५ साली उच्च न्यायालयांच्या मुख्य न्यायाधीशांची परिषद उत्तम शुक्रवारी, ३ एप्रिलला, सुरू होणार होती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी त्याविषयी पत्राने आपली हरकत कळविली. परिषद ठरल्याप्रमाणेच झाली. पण अशी गोष्ट सभ्यपणे व स्पष्टपणे मांडता येते, हे तरुणांनी त्यावरून शिकावे.

मग आपण काय मागावे? अधिक सुट्ट्या मागू नयेत. प्रत्येक सणास सर्वांना सुट्टी दिली तर अध्ययनाचे दिवस घटतील, आणि त्याचा तोटा शिकवणी लावण्याची ऐपत नसलेल्या गरीब विद्यार्थ्यासच अधिक होईल. आपण एवढेच मागावे की, वेळापत्रक आखण्यापूर्वी परीक्षा मंडळापुढे सर्व धर्मांची पंचांगे असावीत. ईदेच्या संभाव्य दिवसापाशी एक दिवस मोकळा ठेवावा. आणि सणामुळे प्रात्यक्षिक अथवा तोंडी परीक्षा चुकणाऱ्या विद्यार्थ्यास दुसऱ्या तुकडीबरोबर बसू द्यावे. या मागणीचे पत्र वेळापत्रक लागल्यावर नव्हे, ते ठरण्यापूर्वी गेले पाहिजे. आणि त्यावर केवळ आपली नव्हे, मुसलमान, बौद्ध, जैन व हिंदू विद्यार्थ्यांचीही सही असावी.

सवलत मागणाऱ्याने सवलत देण्यासही शिकावे लागते. २०२३ साली अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबर या एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईत मुसलमान बांधवांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवसावर नेली आणि शासनाने २९ तारखेसही सुट्टी दिली. आपल्या ख्रिस्तसभेनेही हेच औदार्य दाखविले आहे. रविवारच्या मिस्सेचे कर्तव्य शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सेने पूर्ण होते, असा धर्मसभेचा नियम आहे. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा २०२४ साली ५ मे रोजी, रविवारीच झाली. अशा वेळी घाबरून न जाता शनिवारी मंदिरात यावे. तसेच आपल्या संस्थांच्या शाळांतून ईद, धम्मचक्र प्रवर्तन दिन अथवा पोळा यांच्या लगतच्या सकाळी चाचणी लागणार नाही, याची काळजी आपण वाहावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांविषयी आदर व धर्मस्वातंत्र्य यांची जी शिकवण दिली, ती अशा बारीकसारीक गोष्टींतच आचरणात येते.

तरुण मित्रांनो, सुट्टी मिळाली तर ती निजण्यात घालवू नका. ज्या दिवसासाठी आपण अर्ज करतो, त्या दिवशी आपले गुडघे मंदिरात टेकलेले असले पाहिजेत. नाहीतर उद्याच्या अर्जास वजन राहणार नाही. विद्या व श्रद्धा या दोहोंत तुमची वाढ होवो, तुमच्या शेजारच्या बाकावरील सोबत्याचा सणही आनंदाचा जावो, आणि या ज्युबिलीच्या वर्षी परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो, हीच प्रार्थना.