हृदयाच्या भिंतीतला चुना



रुमॅटिक हृदयविकार म्हटला की बोलणं व्हॉल्व्हपाशीच थांबतं. झडप आकसली, फुगा टाकला, व्हॉल्व्ह बदलला. झडपेमागच्या भिंतीचं काय झालं, ते कुणी फारसं विचारत नाही.

हे दुखणं जडतं बहुधा 5 ते 15 वर्षांच्या वयात. घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. सांधे बरे होतात आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. इथेच घात होतो. दर 21 दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन सुटतं, ताप उलटतो आणि दर खेपेला हृदयाला नवी इजा होते. निरोगी माणसात मायट्रल झडपेचं तोंड 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असतं. ते दीडच्याही खाली येतं. रक्त डाव्या वरच्या कप्प्यात तुंबतं, कप्पा फुगत जातो.

पण भिंत नुसती ताणली जात नाही, तिलाही आजार झालेला असतो. या कप्प्याच्या मागच्या बाजूचा सुरकुतलेला, जाड चट्टा पॅथॉलॉजिस्ट मॅकॅलम यांनी 1924 मध्ये वर्णिला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. अशा वणांत काही थोड्या रुग्णांमध्ये, पुष्कळ वर्षांनी, कॅल्शियम साचतं. भिंत नारळाच्या करवंटीसारखी टणक होते. मग ती ताण सामावून घेत नाही, दाब सरळ फुप्फुसांकडे जातो आणि चार पायऱ्या चढल्या तरी दम लागतो. छातीचा एक्स-रे बाजूने काढला तर कधीकधी कप्प्याची पांढरी कमान स्पष्ट दिसते.

शस्त्रक्रियेआधी ही कमान दिसलेली बरी. अशा भिंतीत सुरी नीट चालत नाही, टाका धरत नाही, रक्त थांबवणं अवघड जातं. सुटलेला कण किंवा गुठळी मेंदूपर्यंत पोचू शकते. दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा मात्र बहुधा वाचलेला असतो. म्हणून सीटी स्कॅन पाहून सर्जन उजवीकडून, त्या पडद्यातून वाट काढू शकतात.

रुग्ण हटकून विचारतात, "डॉक्टर, दूध बंद करू? पानातला चुना?" पानाची शिफारस मी करणार नाही, पण तो चुना हृदयात जाऊन बसत नाही. यांतल्या बहुतेकांच्या रक्तातलं कॅल्शियम ठीकच असतं. ते साचतं वण पडलेल्या जागी. दूध खुशाल प्या. हाडांसाठी दिलेल्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.