आधी शटर, मग चावी

मी भिलाईचा. सुपेल्याला माझं छोटं गॅरेज आहे, पस्तीसएक वर्षं झाली. आमचं घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं. बाबा १९५९ साली इथे नोकरीला लागले, म्हणजे ज्या वर्षी फेब्रुवारीत राजेंद्रबाबूंच्या हस्ते भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली त्याच वर्षी. तेव्हा माझं मराठी थोडं हिंदीकडे झुकलेलं वाटलं तर सांभाळून घ्या.

आज बोलायचंय ते एका अगदी साध्या प्रश्नावर. डिसेंबर उजाडला की गॅरेजमध्ये रोज दोघं-तिघं हाच प्रश्न विचारतात, "दादा, थंडीत सकाळी गाडी किती वेळ गरम करायची?" कोणी म्हणतं पाच मिनिटं, कोणी दहा. एक गृहस्थ तर गाडी चालू करून आंघोळीला जातात. मी सगळ्यांना उत्तर देतो, पण त्याआधी एक उलटा प्रश्न विचारतो, "गाडी उभी कुठे असते?" हा प्रश्न मी का विचारतो, ते शेवटी सांगतो. आधी इंजिनाचं पाहू.

गाडी गरम करायची सवय आपल्याला कुठून लागली? कार्ब्युरेटरमधून. ज्यांनी जुनी स्कूटर चालवली आहे त्यांना आठवत असेल. थंडीत ती आधी एका बाजूला कलवायची, चोक ओढायचा, मग किका मारत बसायचं. पेट्रोल जळतं ते वाफ होऊन, हवेत मिसळून. इंजिन गार असलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, त्याचे थेंब आतल्या भिंतींना चिकटून राहतात. इंजिनाला मग पोटभर पेट्रोल मिळत नाही आणि ते बंद पडतं. चोक ओढला की हवेची वाट अरुंद होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणून इंजिन चालू राहतं. गाडी तापली की चोक आत ढकलायचा. म्हणजे त्या काळी मिनिट-दोन मिनिटं थांबण्याला खरंच कारण होतं.

आज तुमच्या दारातली गाडी बहुधा इंजेक्शनवाली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून तर नव्या दुचाकीसुद्धा बहुतेक इंजेक्शनवरच आहेत. इंजिन किती गार आहे हे सेन्सर सांगतो आणि किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. चोकचं काम तोच करतो, आणि आपल्यापेक्षा चांगलं करतो.

मग लोक म्हणतात, "पण ऑइल वर चढायला वेळ लागतो ना?" लागतो, पण सेकंदांत मोजण्याइतका. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझतो की नाही? म्हणजे प्रेशर आलं. ऑइलच्या डब्यावर १०डब्ल्यू-३० असं काही लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं. भिलाईत जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारावर येतो, कधी त्याच्याही खाली. आपल्याला हुडहुडी भरते, पण ऑइलला ही थंडी काहीच नाही.

खरी थंडी बघायची तर लडाखला जा. तिथे साधं डिझेल गोठतं, टाकीत मेणासारखं घट्ट होतं. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने तिथल्यासाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. रशियात तर ट्रकचे ड्रायव्हर इंजिनाखाली ब्लो लॅम्प धरून ऑइल तापवायचे, मगच सेल्फ मारायचे. त्या थंडीतले नियम आपण सुपेल्यात पाळायचं कारण नाही.

आता उलटी बाजू. उभ्या गाडीत इंजिन फार हळू तापतं, कारण त्याला काही काम नसतं. तेवढा सगळा वेळ ते जास्तीचं पेट्रोल पीत राहतं. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये जाऊन मिसळतं. म्हणजे इंजिनाची काळजी म्हणून आपण जे करतो त्याने इंजिनाची झीजच होते. शिवाय उभ्या गाडीत गिअरबॉक्स, बेअरिंगा, टायर यातलं काहीच तापत नाही. ते तापतात गाडी चालल्यावरच.

म्हणून माझा हिशेब असा आहे. गाडी चालू करा, सीटबेल्ट लावा, आरसा नीट करा, काचेवरचं दव पुसा. यात अर्धं मिनिट जातं आणि तेवढं पुरतं. निघा, पण पहिले तीन-चार किलोमीटर सबुरीने. ॲक्सिलरेटर दाबून रेस करू नका. सेक्टरमधून निघालात तर हायवेला लागेपर्यंत गाडी आपोआप तयार होते. जुनी डिझेल गाडी असेल तर डॅशबोर्डवरचा पिवळा कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. तो हीटर प्लगचा दिवा असतो. कार्ब्युरेटरवाली जुनी बाइक असेल तर चोक देऊन मिनिटभर थांबा, पण मोकळ्यावर.

आणखी एक. सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, पाणी ठिबकतं. लोक घाबरून गॅरेजला येतात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, थंडीत ते डोळ्यांना दिसतं इतकंच. गाडी तापल्यावर ते थांबतं. तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येतच राहिला, किंवा धूर निळा असला, तर मात्र या.

आणि चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. थंडीत मांजरीची पिल्लं उबेला इंजिनाजवळ जाऊन झोपतात.

आता तो उलटा प्रश्न, गाडी उभी कुठे असते?

१९९७ चा जानेवारी. आम्ही टाउनशिपबाहेर भाड्याने राहत होतो. घराला लागून पत्र्याचं शेड होतं, त्याला शटर. माझी पहिली गाडी त्यात असायची, सेकंड-हँड, कार्ब्युरेटरवाली. बाबा रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती, दम्याने बेजार असायचे. त्या दिवशी त्यांना पहाटे रायपूरला गाडीवर सोडायचं होतं, बहिणीकडे नागपूरला जायचे होते. मी त्यांना ब्लँकेट गुंडाळून गाडीत बसवलं. गार वारा लागू नये म्हणून शटर जवळजवळ पूर्ण खाली ठेवलं. चोक ओढला, गाडी चालू केली आणि थर्मास, औषधं, पिशवी आणायला घरात गेलो. चहा व्हायचा होता, म्हणून थांबलो. दहा मिनिटं झाली असतील, फार तर पंधरा.

परत आलो तर बाबांचं डोकं काचेला टेकलेलं. मला वाटलं डुलकी लागली. हाक मारली तर ओ नीट येईना, शब्द अडखळत होते. त्यांना उलटी झाली. मी दम्याचा पंप शोधत बसलो. कोक ओव्हनला असलेले आमचे शेजारी नाइट शिफ्ट करून तेवढ्यात घरी येत होते. त्यांनी शटर वर ढकललं आणि ओरडले, "गैस लगी है, पहले बाहर निकालो!"

मंडळी, मी मेकॅनिक. ब्लास्ट फर्नेसवाल्याचा मुलगा. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे काय हे भिलाईत पोरांनाही ठाऊक असतं. फर्नेसच्या गॅसमध्ये त्याचा पाचवा ते चौथा हिस्सा असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो आणि तरी आतून गुदमरत असतो. चोक ओढलेल्या इंजिनातून तो सगळ्यात जास्त निघतो, कारण पेट्रोल जास्त आणि हवा कमी. मला हे सगळं पाठ होतं. पण माझ्या डोक्यात गॅस म्हणजे प्लांटमधला. घरच्या शेडमध्ये, मी स्वतः चालू केलेल्या गाडीतून तो येतोय हे माझ्या मनालाही शिवलं नाही.

बाबांना उघड्यावर आणलं, दवाखान्यात नेलं. शुद्ध ऑक्सिजन लावला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, ऑक्सिजनवर तास-दीड तास. बाबा वाचले. डोकेदुखी पुढे पंधरा दिवस राहिली. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, "तीस वर्षं फर्नेसवर काढली, कधी गॅस लागला नाही. लागला तो पोराच्या गाडीत." ते हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

जून २०१४ मध्ये भिलाईच्या प्लांटमध्ये गॅसगळती होऊन सहा जणांचा जीव गेला. ती बातमी ऐकली तेव्हा बाबा हयात नव्हते. पण मला आठवलं ते आमचं शेड, आणि काचेला टेकलेलं त्यांचं डोकं.

आता कोणी म्हणेल, दादा, ती जुनी गाडी होती, आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. असतो. पण तो काम करायला लागतो तापल्यावर, अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास. पहिली काही मिनिटं, म्हणजे नेमकी तुम्ही गाडी गरम करता तेव्हा, तोही गारच असतो. म्हणून नव्या गाडीच्या भरवशावर बंद शेडमध्ये राहू नका. शटर अर्धं उघडं आहे, खिडकी आहे, यावरही जाऊ नका. जनरेटरलाही हाच नियम. आणि बंद जागेत कोणाचं डोकं जड झालं, मळमळलं, तर औषध शोधत बसू नका. मी तेच केलं होतं. आधी इंजिन बंद करा, माणसाला बाहेर काढा, मग दवाखाना.

माझ्या गॅरेजच्या भिंतीवर मी ऑइलपेंटने चार शब्द लिहून ठेवलेत. गिऱ्हाईक विचारतं, "किती मिनिटं गरम करू?" मी तिकडे बोट दाखवतो. "आधी शटर, मग चावी." गाडी बाहेर काढा, अर्धं मिनिट थांबा आणि निघा. घरात म्हातारं माणूस असेल, लहान पोर असेल, तर त्यांना गाडी बाहेर आल्यावरच बसवा. थंडी वाजली तर वाजू द्या, आणखी एक शाल द्या.

एवढंच सांगायचं होतं.